लॅबमधली मशीन्स दूरून सांभाळणारं सॉफ्टवेअर: बांधणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

लॅबची मशीन्स दूरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम बहुतेक टीम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी डॅशबोर्डची चित्रं काढली जातात, मग त्यावरच्या बटणांना जोडायला मशीन्स शोधली जातात, आणि अ‍ॅनालायझरशी (रक्तासारखे नमुने तपासणाऱ्या यंत्राशी) नेमकं बोलायचं कसं हा प्रश्न डेडलाइन तोंडावर आल्यावर उगवतो. असं सॉफ्टवेअर डेमोत झकास चालतं. लॅबमध्ये मात्र पडद्यावर हिरवा ठिपका दाखवणारं मशीन प्रत्यक्षात बंद सापडतं, किंवा एकाच सॅम्पलचे दोन रिझल्ट येऊन पहिला गुपचूप पुसला जातो.

हा लेख अ‍ॅनालायझर, सेंट्रिफ्यूज, इन्क्युबेटर, रीएजंटचे (तपासणीसाठी लागणाऱ्या रसायनांचे) फ्रिज आणि डीप फ्रीझर अशा यंत्रांसाठी आहे. पुढचा सगळा क्रम दोन गोष्टी धरून लावला आहे. पडद्यावर दिसतं ते शेवटचं कळलेलं असतं, आत्ताचं असेलच असं नाही. आणि कमांड पाठवली म्हणजे काम झालं असं नाही.

## तयारी: पहिली ओळ लिहिण्याआधी

चार गोष्टी हातात नसतील तर थांबा.

पहिली म्हणजे सॉफ्टवेअर कशासाठी वापरायचं आणि कशासाठी नाही, हे सांगणारा एक परिच्छेद. नुसती मशीनची तब्येत दाखवायची आहे, की रिझल्टही यातून पुढे जाणार, की मशीनला कमांडही द्यायच्या? तुमचं सॉफ्टवेअर स्वतःच वैद्यकीय उपकरण ठरतं का, हे तुमच्याकडचा नियामक याच परिच्छेदावरून ठरवतो. आयईसी ६२३०४ या मानकात सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. चुकलं तर माणसाला किती इजा होऊ शकते, यावर वर्ग ठरतो आणि वर्गावर कागदपत्रांचं ओझं. हा परिच्छेद उशिरा लिहिला की अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

दुसरी, प्रत्येक मशीनचं होस्ट इंटरफेस मॅन्युअल (मशीन बाहेरच्या संगणकाशी कसं बोलतं ते सांगणारं), तेही त्या मशीनवर आत्ता असलेल्या फर्मवेअरचं, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं. मागच्या आवृत्तीच्या मॅन्युअलवर विसंबू नका. तिसरी, आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या धोक्यांबद्दलच्या मानकाच्या पद्धतीने धोक्यांचा तक्ता. सुरुवातीला वीस ओळींचा असला तरी चालेल, पण असला पाहिजे. चौथी, लॅबमधला असा माणूस ज्याच्या 'नाही'ला वजन आहे. आयटी विभागाचा प्रतिनिधी त्या जागी चालत नाही. बाकावर काम करणारा वरिष्ठ टेक्निशियन लागतो.

## टप्पा १: यादी बाकावर जाऊन करा

खरेदी विभागाकडची यादी घेऊन बसू नका. तिच्यात विकून टाकलेली मशीन्स असतात आणि भाड्याने आलेली नसतात. प्रत्येक मशीनसमोर उभं राहून मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर, आतली ऑपरेटिंग सिस्टिम, पोर्ट, प्रोटोकॉल, एकतर्फी बोलतं की दुतर्फी, दशांशासाठी टिंब वापरतं की स्वल्पविराम, आणि घड्याळ कोण लावतं हे लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पोर्टचा असतो: ते आधीच लॅबच्या माहिती प्रणालीने, म्हणजे एलआयएसने, घेतलेलं आहे का? बऱ्याच अ‍ॅनालायझरना होस्टसाठी एकच पोर्ट असतं. अशा वेळी केबलला फाटा काढून आपलंही ऐकणं सुरू करण्याचा मोह होतो. त्यात तुमची बाजूही उत्तर देऊ लागली, तर मशीनला एका फ्रेमसाठी (संदेशाच्या तुकड्यासाठी) दोन पोचपावत्या जातात आणि दोन्ही बाजूंचा ताल बिघडतो. ऐकायचंच असेल तर फक्त रिसीव्हची तार जोडा, ट्रान्समिटची तार कापलेलीच ठेवा. त्याहून बरं म्हणजे मशीन आणि एलआयएस यांच्या मधल्या सॉफ्टवेअरकडून (मिडलवेअरकडून) माहिती घ्या.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मशीनवर एक चाचणी सॅम्पल लावून तारेवरून जाणारे बाइट फाइलमध्ये साठवले का? ही रेकॉर्डिंग पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहेत.

## टप्पा २: दूरून काय करू द्यायचं, ते आधी ठरवा

सर्व कमांडची यादी काढून चार गटांत टाका. हे काम इंजिनिअरने एकट्याने करायचं नाही. वर सांगितलेला वरिष्ठ टेक्निशियन शेजारी हवा.

1. फक्त पाहणं: स्टेटस, तापमान, रीएजंटचा साठा, एररची नोंद.
2. मागे घेता येण्यासारखं: मशीन स्टँडबायवर नेणं, अलार्मची मर्यादा बदलणं, रांगेतलं काम थांबवणं.
3. काहीतरी हलणारं, गरम होणारं किंवा खर्च होणारं: पंप प्राइम करणं (त्यात द्रव भरून घेणं), वॉश सायकल, सुई मूळ जागी (होमला) नेणं, सेंट्रिफ्यूज सुरू करणं.
4. दूरून कधीच नाही: झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) ओलांडणं, अपयशी ठरलेलं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) मान्य करणं, कॅलिब्रेशन स्वीकारणं, न बघता एरर पुसून रन पुढे चालवणं.

तिसऱ्या गटासाठी मशीनजवळच्या माणसाची संमती हवी, म्हणजे बाकावरच्या पडद्यावर किंवा बटणावर 'आता चालेल' असं कुणीतरी प्रत्यक्ष दाबलेलं. शिवाय प्रत्येक मशीनला 'स्थानिक' आणि 'दूरस्थ' अशी कळ द्या. कळ स्थानिकवर असताना दूरून आलेली कमांड गेटवेनेच, म्हणजे मशीन आणि सर्व्हर यांच्यामधल्या लॅबमधल्या छोट्या संगणकानेच, परत फिरवायची, सर्व्हरला विचारत बसायचं नाही. सर्व्हिस इंजिनिअरचा हात मशीनच्या आत असताना नेटवर्कच्या भरवशावर कुणी राहू नये.

चौथ्या गटातली बटणं लपवून ठेवू नका. ती कोडमध्येच नसावीत. अ‍ॅडमिनला म्हणून ठेवलेली वाट सगळ्यांनाच कळते, तीही महिन्याभरात.

## टप्पा ३: तारेवरची बोली समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

जुन्या-नव्या अ‍ॅनालायझरमध्ये अजूनही एएसटीएम या मानक-संस्थेच्या मानकांची जोडी सर्रास भेटते: बाइट कसे पाठवायचे ते सांगणारं ई१३८१ आणि नोंदी कशा लिहायच्या ते सांगणारं ई१३९४. पुढे ही दोन्ही सीएलएसआय या लॅब-मानकांच्या संस्थेकडे एलआयएस०१ आणि एलआयएस०२ या नावांनी आली. नव्या मशीनमध्ये एचएल७ या आरोग्य-संदेशांच्या मानकाची दुसरी आवृत्ती असते, आणि आयएचई या संस्थेच्या लॉ प्रोफाइलने (मानक कसं वापरायचं त्याच्या नियमावलीने) तिला बरीच शिस्त लावली आहे. मशीनवर 'एएसटीएम चालतं' असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक उत्पादकाची बोली थोडी निराळी असते. मॅन्युअल आणि रेकॉर्डिंग जुळत नसतील तर रेकॉर्डिंग खरं माना.

एएसटीएमचा संवाद असा चालतो. पाठवणारा विचारतो, 'पाठवू का?' (बाइट ५). घेणारा 'हो' म्हणतो (बाइट ६) किंवा 'आत्ता नको' (बाइट २१). मग एकेक फ्रेम येते आणि प्रत्येक फ्रेमला पोचपावती द्यायची असते. जुन्या मानकात एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २४० अक्षरं मजकूर. फ्रेमचा क्रमांक १ पासून सुरू होतो, ७ नंतर ० येतो. पाठवणारा उत्तरासाठी १५ सेकंद थांबतो, घेणारा पुढच्या फ्रेमसाठी ३०. तीच फ्रेम सहा वेळा पाठवूनही पोचपावती आली नाही तर पाठवणारा तो संदेश सोडून देतो.

चार चुका इथे वारंवार दिसतात.

फ्रेम म्हणजे नोंद समजणं. लांब नोंद अनेक फ्रेममध्ये तुटते. मधल्या फ्रेमच्या शेवटी बाइट २३ असतो, शेवटच्या फ्रेमला ३. तुटण्याची जागा अक्षरं मोजून ठरते, अर्थ बघून ठरत नाही. सोडियम १४० असेल तर एका फ्रेमच्या शेवटी '१४' आणि दुसऱ्या फ्रेमच्या सुरुवातीला '०' असं येऊ शकतं. फ्रेम आली की लगेच वाचणारा प्रोग्रॅम १४ नोंदवून मोकळा होतो. आधी सगळ्या फ्रेम जोडा, मग नोंदी वेगळ्या करा. टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, तर आणखी एक थर वाढतो: सॉकेटमधून एका वेळी हाती आलेले बाइट म्हणजे पूर्ण फ्रेम असतीलच असं नाही.

साठवण्याआधी पोचपावती देणं. पोचपावती मिळाली की मशीनच्या दृष्टीने जबाबदारी तुमची झाली. काही मशीन्स तो रिझल्ट पुन्हा आपणहून पाठवत नाहीत. पोचपावतीनंतर आणि डिस्कवर लिहिण्याआधी वीज गेली, तर रिझल्ट हवेत विरला. आधी डिस्कवर पक्कं लिहा, मग उत्तर द्या. १५ सेकंद त्यासाठी भरपूर आहेत.

चेकसमचा, म्हणजे फ्रेम धड पोहोचली का ते तपासणाऱ्या बेरजेचा, हिशेब चुकवणं. सुरुवातीचा बाइट २ धरायचा नाही. फ्रेम क्रमांकापासून शेवटच्या बाइट २३ किंवा ३ पर्यंत, तो धरून, बेरीज करायची आणि २५६ ने भागून बाकी घ्यायची. पहिल्या क्रमांकाच्या फ्रेममध्ये छोटीशी समाप्तीची नोंद असेल तर बाइट असे: ४९, ७६, १२४, ४९, १२४, ७८, १३, ३. बेरीज ५१६, बाकी ४. पाठवायचं ते '०४', नुसतं '४' नाही. बाकी सोळा-आधारी दोन अक्षरांत लिहायची असते, आणि शून्य गाळणाऱ्यांचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा नीट चालतो नि अधूनमधून विनाकारण अडखळतो. अशी चूक शोधायला फार वेळ जातो.

दोघांनी एकदम 'पाठवू का?' विचारणं. दुतर्फी मशीनमध्ये हे घडतंच. मानकानुसार मशीनला प्राधान्य असतं. तुमच्या संगणकाने मागे सरायचं आणि किमान २० सेकंद थांबून पुन्हा विचारायचं. संगणक लगेच पुन्हा विचारू लागला तर दोघंही एकमेकांना अडवत राहतात.

एचएल७ ची पाकिटं सोपी आहेत: सुरुवातीला बाइट ११, शेवटी २८ आणि १३. पण या पाकिटाला स्वतःची कोणतीही सुरक्षा नसते, हे पुढे नेटवर्कच्या टप्प्यात लक्षात ठेवा.

तपासा: साठवलेली रेकॉर्डिंग तुमच्या वाचकाला एकेक बाइट करून भरवा, मग सगळी एकदम भरवा. दोन्ही वेळा अगदी तेच निघालं पाहिजे.

## टप्पा ४: गेटवे लॅबमध्येच ठेवा

मशीन थेट क्लाउडला जोडू नका. लॅबमध्ये एक छोटा संगणक ठेवा, तो मशीनशी मशीनच्या भाषेत बोलेल आणि सर्व्हरशी तुमच्या. इंटरनेट गेलं तरी त्याने रिझल्ट घेत राहावं, साठवावं आणि लाइन आल्यावर क्रमाने पुढे द्यावं. किती तासांचं साठवता आलं पाहिजे, ते लॅबच्या सगळ्यात गजबजलेल्या दिवसावरून काढा आणि त्याच्या कितीतरी पट जागा ठेवा. डिस्क स्वस्त असते.

होस्ट क्वेरीचं उत्तरही शक्यतो गेटवेनेच द्यावं. अ‍ॅनालायझर बारकोड वाचून 'या सॅम्पलवर कोणत्या टेस्ट लावू?' असं विचारतो तेव्हा तो काही सेकंदच वाट बघतो. उत्तर दूरच्या सर्व्हरवरून येणार असेल, तर मंद लाइनच्या दिवशी अर्धी सॅम्पल्स टेस्ट न लागता पुढे सरकतात.

सावधान: गेटवेला यूपीएस दिला पण मधल्या नेटवर्क स्विचला आणि सिरियल कन्व्हर्टरला दिला नाही, तर काही उपयोग नाही.

## टप्पा ५: अवस्था आणि वेळ यांचा साचा

'ऑनलाइन' आणि 'ऑफलाइन' एवढ्यावर भागत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी साठवा: सर्व्हरला गेटवे दिसतो का, गेटवेला मशीन दिसतं का, आणि मशीन स्वतःबद्दल काय म्हणतं. पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर उरलेल्या दोन्हींचं उत्तर 'माहीत नाही' होतं. जुनंच उत्तर हिरव्या रंगात तसंच ठेवणं ही या प्रकारच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात कमी सापडणारी चूक आहे.

त्यामागे बरेचदा टीसीपी असतं. समोरचं मशीन वीज जाऊन गपकन बंद पडलं तर नुसतं ऐकत बसलेल्या बाजूला ते आपोआप कळत नाही. लिनक्सवर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे बघणारी सोय) चालू केलं तरी त्याची मूळ सेटिंग ७२०० सेकंद आहे; म्हणजे दोन तास काहीच हालचाल होत नाही. आपला हृदयाचा ठोका (ठरावीक वेळाने जाणारा 'मी चालू आहे' संदेश) आपणच ठरवा आणि तो चुकला की अवस्था बदला.

वेळेबाबत नियम एकच: प्रत्येक घटनेला तीन वेळा असतात. मशीनने सांगितलेली, गेटवेला मिळाल्याची आणि सर्व्हरला मिळाल्याची. तिन्ही ठेवा, एकीवर दुसरी लिहू नका. एएसटीएमच्या नोंदीतल्या वेळेला बहुतेकदा टाइम झोन जोडलेला नसतो आणि मशीनचं घड्याळ कुणीतरी बोटाने लावलेलं असतं. गेटवे आणि सर्व्हर एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेवर) ठेवा, साठवताना यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वापरा, दाखवताना लॅबची वेळ दाखवा. मशीनची वेळ आणि गेटवेची वेळ यांत फरक वाढत गेला तर तशी सूचना द्या. तो फरक परस्पर 'दुरुस्त' करू नका.

## टप्पा ६: कमांडचा प्रवास

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. रात्री दूरच्या इंजिनिअरने वॉश सायकलची कमांड दिली. लाइन बंद होती, कमांड रांगेत पडली. सकाळी लाइन आली त्या क्षणी टेक्निशियन झाकण उघडून सुई पुसत होता. इंटरलॉक नीट असेल तर काही होणार नाही. पण इंटरलॉक हा शेवटचा आधार असतो, आणि इथे तुमचं सॉफ्टवेअर सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळं झालं.

म्हणून प्रत्येक कमांडला मुदत हवी. मुदत संपली की गेटवेने ती फेकून द्यायची आणि तसं कळवायचं. तिसऱ्या गटातल्या कमांडसाठी मुदत सेकंदांत मोजा, आणि संमती त्या मुदतीतच मिळालेली असावी.

कमांडच्या पायऱ्या पडद्यावर वेगवेगळ्या दिसू द्या: पाठवली, गेटवेला मिळाली, मशीनने स्वीकारली, पूर्ण झाली. शेवटाला चार शक्यता असतात: पूर्ण, अपयशी, मुदतबाह्य आणि अज्ञात. ही चौथी शक्यता जवळजवळ प्रत्येक पहिल्या मसुद्यातून गळालेली असते. मशीनने कमांड घेतली आणि मग लाइन तुटली, तर काम झालं की नाही हे तुम्हाला खरोखरच माहीत नसतं. इथे आपोआप पुन्हा पाठवणं सुरू केलंत की पंप दोनदा प्राइम होतो, रीएजंट दुप्पट जातं आणि साठ्याचा आकडा खोटा पडतो. अज्ञात अवस्थेत आधी मशीनचं स्टेटस वाचा. त्यातूनही कळलं नाही तर माणसाला विचारा.

पुन्हा पाठवणं नेटवर्कच्या पातळीवरही घडतं. एमक्यूटीटी हा संदेश पाठवायचा प्रोटोकॉल वापरत असाल तर त्यातली पोहोचवण्याच्या हमीची पातळी क्यूओएस १ म्हणजे 'किमान एकदा', त्यामुळे तीच कमांड दोनदा पोहोचू शकते. प्रत्येक कमांडला एकमेव क्रमांक द्या आणि पूर्वी केलेल्या कमांडचे क्रमांक गेटवेने डिस्कवर लक्षात ठेवावेत, मेमरीत नको. रीस्टार्ट झाला की मेमरी कोरी होते.

सावधान: कमांड कधीही 'रिटेन' करून पाठवू नका. रिटेन केलेला संदेश ब्रोकर (संदेश वाटणारा मधला सर्व्हर) जपून ठेवतो आणि गेटवे नव्याने सबस्क्राइब करतो तेव्हा पुन्हा त्याच्या हाती देतो. स्टेटससाठी ही सोय उत्तम आहे, कमांडसाठी घातक. एमक्यूटीटी ५ मध्ये संदेशाला मुदत घालता येते, ती घालाच. पण गेटवेवरची तुमची तपासणी त्यामुळे काढून टाकू नका.

नोंदवहीत कुणी, केव्हा, कोणत्या मशीनला, कोणत्या कारणाने कमांड दिली आणि शेवट काय झाला, हे सगळं असावं. ती फक्त वाढत जाणारी असावी, खोडता न येणारी. सामायिक 'लॅब१' लॉगिन चालू ठेवलंत तर या नोंदवहीला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ७: रिझल्ट जसा आला तसा

रिझल्ट तुमच्या सॉफ्टवेअरमधून जाणार नसतील तर हा टप्पा सोडा, आणि ते जाणार नाहीत याची खात्रीही करा.

सॅम्पलचा क्रमांक हा मजकूर आहे, संख्या नाही. '००४५७१' चा '४५७१' झाला की दुसऱ्याच सॅम्पलशी जुळण्याची वाट मोकळी झाली. काही मशीन्स लांब बारकोड ठरावीक अक्षरांनंतर कापतात, हे टप्पा १ मध्येच सगळ्यात लांब बारकोड लावून बघा. जुळणी तंतोतंतच करा. न जुळलेले रिझल्ट वेगळ्या रांगेत टाका, माणूस बघेल. 'जवळपास जुळतं' असा हुशार तर्क इथे लिहू नका.

आकडा नसलेला आकडा. मशीन '<०.०१' पाठवतं, कधी नुसती चांदणी किंवा बेरजेची चिन्हं पाठवतं. चिन्ह गाळून ०.०१ ठेवलंत तर अर्थच बदलला. मूळ मजकूर, वेगळं काढलेलं चिन्ह आणि आकडा असे तिन्ही ठेवा. '५,४' मधला स्वल्पविराम दशांशाचा आहे की हजारांचा, हे मशीनच्या सेटिंगवरून ठरवा, अंदाजाने नाही.

एकक संदेशातून घ्या. ग्लुकोज ५.५ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे साधारण ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मशीनवर कुणी एकक बदललं आणि तुमच्याकडे ते कॉन्फिगमध्ये ठोकून बसवलेलं असलं, तर आकडा अठरापट चुकीचा दिसेल. संदेशातलं एकक अपेक्षेप्रमाणे नसेल तर रिझल्ट अडवा. एककांसाठी यूसीयूएम आणि टेस्टच्या ओळखीसाठी एलओआयएनसी या प्रमाणित कोड-पद्धती वापरा. मशीनचे स्वतःचे कोड मात्र शेजारी जपून ठेवा.

तोच रिझल्ट पुन्हा आला, की टेस्ट पुन्हा लावली? सॅम्पल आणि टेस्ट एवढीच ओळख धरली तर रीरन पहिल्या रिझल्टवर लिहिला जातो. मशीनचा सिरियल नंबर, सॅम्पल, टेस्ट आणि मशीनने दिलेली पूर्णतेची वेळ मिळून ओळख ठरवा. सगळं तंतोतंत तेच असेल तर ती प्रत. काहीही वेगळं असेल तर तो नवा रिझल्ट, आणि दोन्ही दिसले पाहिजेत.

## टप्पा ८: नेटवर्क आणि दारं

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा ब्रिटनच्या आरोग्यसेवेतली कितीतरी वैद्यकीय उपकरणंही अडकली. लॅबमधल्या मशीनच्या आत बरेचदा जुनी विंडोज असते आणि उत्पादकाने मान्यता दिल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. म्हणून पॅच होईल असं गृहीत न धरता रचना करा.

मशीन्स वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या अलग भागात) ठेवा आणि त्यांना फक्त गेटवेशी बोलू द्या. गेटवेने बाहेर जोडणी करायची, बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडं नको. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून 'तात्पुरतं' काम भागवणारे नेहमी भेटतात, आणि ते तात्पुरतं वर्षानुवर्षं तसंच राहतं. सिरियल ते इथरनेट कन्व्हर्टरकडे विशेष लक्ष द्या: अनेकांचं पोर्ट पासवर्डविना उघडं असतं आणि नेटवर्कवरचा कुणीही थेट मशीनशी बोलू शकतो.

एखादी सेवा नेटवर्कच्या कोणत्या पत्त्यावर ऐकते, हेही बघा. एप्रिल २०२३ मध्ये इल्युमिनाच्या जनुकीय सिक्वेन्सरमधल्या युनिव्हर्सल कॉपी सर्व्हिसबद्दल अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने इशारा दिला. ती सेवा कोणत्याही पत्त्यावर ऐकत होती आणि त्या त्रुटीला तीव्रतेत १० पैकी १० गुण मिळाले. तुमच्या गेटवेवरच्या सेवाही मुकाट्याने सगळ्या पत्त्यांवर ऐकत असतील, तर आजच त्या ठरावीक पत्त्याला बांधून टाका.

उत्पादकाच्या सर्व्हिस इंजिनिअरला कायमचं दार देऊ नका. ठरावीक वेळेपुरतं, लॅबने उघडून दिलेलं आणि नोंद होणारं सत्र द्या. आणि पेशंटचं नाव: मशीनची तब्येत बघायला ते लागत नाही. गेटवेवरच गाळा. डेटाबेसमधून नाव काढून टाकतात आणि डीबग लॉगमध्ये पूर्ण संदेश तसाच ठेवतात, हे फार ठिकाणी चालतं.

## टप्पा ९: अलार्म

रीएजंटच्या फ्रिजसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस ही नेहमीची मर्यादा. दार उघडलं की हवेचं तापमान लगेच चढतं, बाटलीतलं नाही. सेन्सर मोकळ्या हवेत लटकवला तर दिवसभर खोटे अलार्म वाजतात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी आवाज बंद करतं. सेन्सर ग्लायकॉलसारख्या द्रवाच्या छोट्या बाटलीत ठेवा, आणि त्यावर थोडा विलंब ठेवा.

'माहिती आली नाही' हाही अलार्मच आहे, आणि तो सर्व्हरने वाजवायचा. मेलेला गेटवे स्वतःच्या मरणाची बातमी कशी देणार? वीज गेली की फ्रीझर आणि राउटर एकदमच जातात, म्हणून फ्रीझरच्या अलार्मला बॅटरी आणि सिमकार्डची स्वतंत्र वाट हवी.

'पाहिलं' आणि 'निस्तरलं' ही दोन वेगळी बटणं द्या. पाहिलं म्हणून दाबलं पण ठरल्या वेळेत तापमान उतरलं नाही, तर अलार्म पुढच्या माणसाकडे गेला पाहिजे.

## टप्पा १०: आता पडदा

हे काम आता सोपं होतं, कारण काय दाखवायचं ते ठरलेलं आहे. प्रत्येक आकड्याशेजारी 'किती वेळापूर्वीचा' हे लिहा. जुनी झालेली माहिती करडी करा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका, शब्दही द्या. कमांड देण्याआधी मशीनचं नाव आणि जागा मोठ्या अक्षरांत दाखवा; एकाच मॉडेलची दोन मशीन्स शेजारी असली की चुकीच्या मशीनला कमांड जाते ती याच पडद्यावरून.

## टप्पा ११: मोडून बघा

सगळं सुरळीत असतानाची चाचणी तासाभरात उरकते. खरी चाचणी पुढची आहे, आणि ती सिम्युलेटरवर झाल्यावर खऱ्या मशीनवरही करा:

- संदेश अर्धा आलेला असताना केबल ओढा.
- पोचपावतीच्या आधी आणि नंतर गेटवेची वीज काढा.
- मशीनचं घड्याळ एक दिवस मागे लावा.
- डिस्क भरून टाका.
- कमांड स्वीकारली गेल्यावर लगेच इंटरनेट तोडा. पडद्यावर 'अज्ञात' येतं का?
- तोच रिझल्ट दोनदा पाठवा, मग रीरन पाठवा.
- लाइन रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी साठलेलं क्रमाने जातं का, जुन्या कमांड फेकल्या जातात का ते बघा.

प्रत्येक चाचणीत मशीनच्या पडद्यावरचे रिझल्ट आणि तुमच्या डेटाबेसमधले रिझल्ट एकेक करून जुळवा. संख्या जुळली म्हणून थांबू नका, मूल्यं जुळवा.

## टप्पा १२: चालू करणं आणि पुढचे अपडेट

आधी एक मशीन, फक्त पहिल्या गटातल्या गोष्टींसह. लॅबची जुनी पद्धत शेजारी चालू ठेवा आणि दोन्हींतला प्रत्येक फरक लिहून त्याचं कारण शोधा. कारण न सापडलेला फरक असेपर्यंत दुसरा गट उघडू नका. तिसरा गट सगळ्यात शेवटी, तोही एकेका कमांडने.

गेटवेच्या सॉफ्टवेअरसाठी डिस्कवर दोन कप्पे ठेवा: एकात चालू आवृत्ती, दुसऱ्यात नवी. नवी नीट उठली नाही तर आपोआप जुनीवर परत यावं. अपडेटवर सही हवी, आणि रन चालू असताना ते लागूच होता कामा नये. गेटवेचं अपडेट आणि मशीनच्या टेस्टच्या सेटिंगमधला बदल एकाच वेळी करू नका. काही बिघडलं तर कोणत्या बदलाने, ते कळत नाही. रिझल्टच्या वाटेतलं काहीही बदललं असेल तर कंट्रोल सॅम्पल (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं) लावून ते शेवटच्या पडद्यापर्यंत बरोबर पोहोचलं का ते बघा आणि टेक्निशियनची सही घ्या.

मशीनचं फर्मवेअर उत्पादकाने बदललं, तर त्या मशीनपुरतं टप्पा १ मधलं रेकॉर्डिंग पुन्हा करा आणि जुन्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. संदेशातलं एखादं रकाना सरकलेलं असेल तर ते इथे पकडलं जातं, आणि तोपर्यंत त्या मशीनचे रिझल्ट हातानेच नोंदवायचे.